यादीत नाव असेल, तरच नकाराला किंमत



निवडणूक आली की आपल्या वस्त्यांत एक वाक्य हमखास ऐकू येते, "मत देऊन काय होणार? सगळे आधीच ठरलेले असते." बोलणारा पुष्कळदा चळवळीतलाच असतो, अनुभवाने कडवट झालेला असतो. त्याला आम्ही दोष देत नाही. पण त्याने एकदा चिली या देशाची हकिकत ऐकावी, असे आम्हाला वाटते. तिथे खरोखरच सगळे आधी ठरलेले होते. नियम हुकूमशहाचे, तारीख त्याची आणि उमेदवारही तोच एकटा. तरीही तिथल्या जनतेने त्याला मतपेटीतून हरवले.

चिली हा दक्षिण अमेरिकेतला, समुद्र आणि डोंगर यांच्यामध्ये पट्टीसारखा पसरलेला देश. १९७० साली साल्वादोर आयेंदे हे समाजवादी नेते रीतसर निवडून येऊन तेथे राष्ट्राध्यक्ष झाले. ११ सप्टेंबर १९७३ रोजी लष्कराने राजधानी सँटियागोतील अध्यक्षांच्या वाड्यावर विमानांतून बाँब टाकले. त्याच दिवशी आयेंदे यांचा अंत झाला आणि सेनापती ऑगुस्तो पिनोचेत याच्या हाती सत्ता गेली. संसद बरखास्त झाली. पक्षांवर बंदी आली. हजारो माणसे पकडली गेली आणि त्यांतली कित्येक पुन्हा कधी घरी आली नाहीत. याच काळात आणखी एक गोष्ट झाली, तिच्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. देशाच्या मतदारयाद्या रद्द करून जाळून टाकण्यात आल्या.

आमची नोकरी कारकुनाची. दिवसभर रजिस्टरे भरायची आणि आकड्यांचा ताळा जुळवायचा. म्हणून ही गोष्ट आमच्या मनाला विशेष लागली. ज्याचे नाव रजिस्टरात नाही, तो माणूस समोर उभा असला तरी सरकारच्या लेखी नसतोच. १९८० साली पिनोचेतने याद्या नसतानाच जनमत घेतले आणि आपली नवी घटना मंजूर करून घेतली. सरकारी आकडा आला, ६७ टक्के लोकांचा होकार! यादीच नाही, तर या आकड्याचा ताळा कशाशी घालणार?

या घटनेतच एक कलम होते. आठ वर्षांनी सैन्यप्रमुख एक नाव सुचवतील आणि जनतेने त्यावर "होय" किंवा "नाही" एवढेच सांगायचे. "होय" आले तर त्या माणसाला आणखी आठ वर्षे. नाव कोणाचे येणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता. नाव पिनोचेतचेच आले.

विरोधकांपुढे मोठा पेच पडला. भाग घ्यावा तर हुकूमशहाच्या घटनेला मान्यता दिल्यासारखे होते. बहिष्कार टाकावा तर त्याला रान मोकळे. हा पेच आपल्या चळवळीला नवा नाही. १९२८ साली सायमन कमिशन आले, तेव्हा त्यात एकही भारतीय नाही म्हणून मोठमोठ्या पुढाऱ्यांनी बहिष्कार पुकारला. बाबासाहेबांनी मात्र टीका सोसून कमिशनपुढे साक्ष दिली आणि प्रौढ मताधिकाराची मागणी नोंदवली. दार दुसऱ्याने उघडले आहे म्हणून आपले गाऱ्हाणे आत न्यायचे नाही, असे त्यांनी मानले नाही.

चिलीतल्या बहुसंख्य विरोधकांनीही शेवटी तोच मार्ग धरला. एके काळी आयेंदेंना कडवा विरोध करणारा ख्रिस्ती लोकशाहीवादी पक्ष आणि आयेंदेंचे समाजवादी एका मांडवात आले. त्यांच्याबरोबर डझनाहून अधिक लहानमोठे पक्ष "नाही" या एका शब्दावर एक झाले. आपल्याकडच्या गटातटांच्या पुढाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावे, एवढीच आमची विनंती.

फेब्रुवारी १९८७ मध्ये नव्या याद्यांची नोंदणी सुरू झाली. लोकांच्या मनात भीती होती. नाव नोंदवले तर पोलीस दारात येतील, असे वाटायचे. कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन समजूत काढली. सव्वा कोटीच्या आसपास लोकसंख्येच्या त्या देशात सुमारे ७४ लाख नावे यादीवर चढली. लढाई अर्धी तेथेच जिंकली गेली, असे आमचे मत आहे.

माता-भगिनींनो, यात बायांचा वाटा फार मोठा होता. ज्यांचे नवरे, मुलगे, भाऊ नाहीसे झाले, त्या बाया फोटो छातीशी धरून वर्षानुवर्षे सरकारी दारांत उभ्या राहिल्या. आपल्या आयाबाया जुन्या लुगड्यांच्या तुकड्यांची गोधडी शिवतात ना? तसेच चिलीतल्या बायांनी चिंध्यांचे तुकडे गोणपाटावर शिवून चित्रे केली. तुरुंग, रिकामी खुर्ची, रांगा, भूक, सगळे त्यांत आले. क्वेका हा तिथला जोडीने नाचायचा नाच. या बाया तो एकट्याने नाचू लागल्या. जोडीदाराची जागा रिकामी ठेवायची, एवढेच. १९८८ च्या प्रचारात दोन्ही बाजूंना रोज टीव्हीवर १५ मिनिटे मिळाली, तेव्हा हा एकटीचा नाच साऱ्या देशाने पाहिला. त्यावर भाषणाची गरजच उरली नाही.

५ ऑक्टोबर १९८८ रोजी मतदान झाले. विरोधकांनी बावीस हजारांवर मतदान-टेबलांवर आपली माणसे बसवण्याची तयारी केली होती. मोजणी तेथल्या तेथे, सर्वांसमोर. प्रत्येक टेबलाचा आकडा त्यांच्या माणसाने लिहून घ्यायचा आणि आपल्या केंद्राला कळवायचा. रात्री सरकारने मोजक्या टेबलांचे आकडे देऊन "होय" पुढे असल्याचे जाहीर केले आणि मग बराच वेळ मौन धरले. पण विरोधकांच्या वहीत खरा हिशेब होता. मध्यरात्रीनंतर हवाईदलाचे प्रमुख फर्नांदो मॅथेई अध्यक्षांच्या वाड्यात शिरतानाच पत्रकारांना म्हणाले की "नाही" जिंकले आहे. मग लपवायला काही उरले नाही. "नाही"ला ३९ लाख ६७ हजार मते, "होय"ला ३१ लाख १९ हजार. म्हणजे ५६ टक्क्यांना ४४. पुढे डिसेंबर १९८९ मध्ये निवडणूक झाली आणि ११ मार्च १९९० रोजी पात्रिसिओ एल्विन यांनी सत्तासूत्रे हाती घेतली.

येथे गोष्ट संपली असे कोणी समजू नये. पिनोचेत मार्च १९९८ पर्यंत लष्करप्रमुखपदी राहिला, मग तहहयात सिनेटर झाला. १९९८ साली लंडनमध्ये त्याला अटक झाली, पण तो मायदेशी परतला आणि १० डिसेंबर २००६ रोजी, मानवी हक्क दिनीच, कोणतीही शिक्षा न होता मेला. त्याची घटना दुरुस्त्या होत होत टिकली. २०२० साली ७८ टक्के लोकांनी नवी घटना हवी असा कौल दिला, पण २०२२ आणि २०२३ साली पुढे आलेले दोन्ही मसुदे जनतेनेच फेटाळले. माणूस मताने हटतो, त्याने बांधलेली व्यवस्था तेवढ्याने हटत नाही.

बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत हेच बजावले होते. राजकारणातील भक्ती हुकूमशाहीकडे नेते आणि सामाजिक लोकशाहीच्या पायाशिवाय राजकीय लोकशाही टिकत नाही, असा त्यांचा इशारा होता. त्याच भाषणात त्यांनी आठवण दिली की संसदीय रीत भारताला परकी नाही. भिक्षुसंघात ठराव होते, गणपूर्ती होती, गुप्त मतदान होते. विनयानुसार मतासाठी शलाका वाटल्या जात, आणि त्या वाटणारा भिक्षू पक्षपात न करणारा असावा लागे. मतमोजणारा निःपक्ष हवा, हे भगवंतांच्या संघाला अडीच हजार वर्षांपूर्वी कळले होते.

म्हणून बांधवहो, कामाचे बोलू. विहारातील रविवारच्या वंदनेनंतर अर्धा तास मतदारयादी घेऊन बसा. वस्तीतील कोणाचे नाव गळले, लग्न होऊन आलेल्या कोणत्या सुनेचे नाव चढायचे आहे, अठरा पूर्ण झालेली मुले-मुली कोण, ते पाहा आणि नव्या नावांसाठी नमुना ६ चे, तर आधीच्या पत्त्यावर नाव असलेल्यांसाठी नमुना ८ चे अर्ज तेथेच भरा. मतदानाच्या दिवशी शिकलेली दोन मुले मतदान-प्रतिनिधी म्हणून बसतील अशी व्यवस्था करा. मतदान संपल्यावर केंद्राध्यक्षाकडून नमुना १७ सी, म्हणजे नोंदलेल्या मतांचा हिशेब, घेतल्याशिवाय त्यांनी उठू नये. तो त्यांचा हक्क आहे.

बंदुकीखाली राहणाऱ्या लोकांनी एवढे केले. आपल्याला तर बाबासाहेबांनी मत आयते हातात दिले आहे. ते यादीत आहे की नाही, एवढे तरी पाहू या.

जयभीम! नमो बुद्धाय!