कुफूच्या रकान्यात काय लिहायचे?

मुस्लिम वधू-वर मेळाव्याचा फॉर्म हातात घ्या. 'जमात' आणि 'बिरादरी' हे रकाने वरच असतात. कोकणी, मेमन, अन्सारी, कुरेशी, बागवान. मुलगा स्वभावाने कसा, हे कुणी विचारलेच तर शेवटी. हटकले की उत्तर तयार: "शरीयतने कुफू बघायला सांगितलेय ना!"

सांगितलेय, पण कुणासाठी? हनफी फिकहमध्ये कुफू म्हणजे नवरा बायकोच्या तोडीचा असणे. तपासायचे ते मुलाला, मुलीला नाही. हा मुलीचा आणि तिच्या वलीचा हक्क आहे, दोघे राजी असतील तर तो सोडताही येतो. वंश, पेशा या अटी फकीहांनी मान्य केल्या. इमाम मालिक यांनी मात्र भर दीनदारीवर दिला.

हजरत फातिमा बिन्ते कैस कुरैश घराण्यातल्या. त्यांना मुआविया आणि अबू जहम यांची मागणी आली, तेव्हा प्रेषितांनी (स.) सांगितले की मुआवियांकडे पैसा नाही आणि अबू जहम खांद्यावरची काठी खाली ठेवत नाहीत. सुचवले कुणाला? उसामांना, म्हणजे गुलामीतून मुक्त झालेल्या हजरत जैद यांच्या मुलाला. फातिमांना ते आधी रुचले नाही, पुढे त्या सुखी झाल्या. पैसा पाहिला, स्वभाव पाहिला, वंश बाजूला ठेवला.

केवळ जात जुळवून काय होते, हे आपल्या गिरगावने पाहिले आहे. धर्म वेगळा, पण दुखणे तेच. रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजींशी झाले. जात एकच, जोडी बिनचूक! मोठेपणी त्यांनी दादाजींची गरिबी आणि आजारपण दाखवून नांदायला नकार दिला. 1884 साली दादाजी हायकोर्टात गेले. 1887 साली हुकूम झाला: नांदा, नाहीतर सहा महिने कैद. त्या कैदेला तयार झाल्या. 1888 साली दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. पुढे त्या डॉक्टर झाल्या.

आज आमच्या शिकलेल्या मुली तिशीपर्यंत थांबतात, कारण जमातीत त्यांच्या तोडीचा मुलगा नाही आणि जमातीबाहेरचा "कुफूत बसत नाही". वडीलधाऱ्यांना शाफई-हनफी फरकाची धास्ती असते. असरची वेळ वेगळी असल्याने कुणाचा संसार मोडल्याचे मी तरी ऐकलेले नाही.

पुढच्या मेळाव्यात फॉर्मवर एक रकाना वाढवा: 'राग आल्यावर काय करतो?' आणि उत्तर मुलाकडून नको, त्याच्या शेजाऱ्यांकडून घ्या.