कुत्र्याचा चावा आणि महापालिकेची खतावणी

मोकाट कुत्र्यांचा उपद्रव नागपूरकरांना नवा नाही. तथापि त्याची चर्चा देशभर झाली ती येथील उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने दिलेल्या एका आदेशामुळे. २० ऑक्टोबर २०२२ रोजी न्यायमूर्ती सुनील शुक्रे व न्यायमूर्ती अनिल पानसरे यांनी असे फर्मावले की, ज्यांना रस्त्यावरील कुत्र्यांना खाऊ घालावयाचे असेल त्यांनी ती रीतसर दत्तक घ्यावीत, महापालिकेकडे त्यांची नोंद करावी आणि मगच त्यांचे पोषण करावे. महिना उलटण्यापूर्वीच, १६ नोव्हेंबर २०२२ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने या आदेशाखाली सक्तीची कारवाई करण्यास मनाई केली. खाऊ घालणाऱ्याने कुत्रे दत्तक घेतलेच पाहिजे असा आग्रह धरता येणार नाही, असे त्या न्यायालयाचे म्हणणे पडले. पुढे २०२५ साली हा वाद दिल्लीच्या निमित्ताने पुन्हा उफाळला. ११ ऑगस्टला सर्व मोकाट कुत्री निवाऱ्यात डांबण्याचा आदेश झाला, २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो सौम्य केला, आणि ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके व रेल्वेस्थानके यांच्या आवारातून कुत्री हटवून ती पुन्हा तेथे न सोडण्याविषयी निर्देश निघाले.

या सर्व वादात कुत्रे कोणाचे, हा प्रश्न अग्रभागी राहिला. प्रस्तुत लेखकाच्या मते त्याहून अधिक उपयुक्त असा दुसरा एक प्रश्न आहे, आणि तो कोणी फारसा विचारीत नाही. कुत्र्याच्या चाव्याचा खर्च कोण सोसतो?

केंद्र सरकारच्या नोंदीनुसार २०२४ या वर्षात देशात कुत्रा चावल्याच्या सदतीस लाखांहून अधिक घटना नोंदल्या गेल्या. त्यांपैकी ४ लाख ८५ हजारांवर एकट्या महाराष्ट्रातल्या, आणि राज्याराज्यांच्या क्रमवारीत आपला क्रमांक पहिला. हे चावे समाजाच्या सर्व थरांत सारखे वाटले गेले असतील असे मानण्याचे कारण नाही. जो मोटारीतून उतरून थेट फाटकाच्या आत शिरतो, त्याचा आणि गल्लीतल्या टोळीचा संबंधच येत नाही. संबंध येतो तो पहाटे चारला सायकलवर वर्तमानपत्रांचे गठ्ठे घेऊन निघणाऱ्या पोराचा, दूधवाल्याचा, हिंगणा औद्योगिक वसाहतीतून रात्रपाळी संपवून परतणाऱ्या कामगाराचा, झाडूवाल्या बाईचा आणि पायी शाळेत जाणाऱ्या मुलांचा. २०२२ साली काटोल येथे पाच वर्षांच्या एका बालकाचा मोकाट कुत्र्यांच्या हल्ल्यात अंत झाला, ही घटना विदर्भातील वाचकांच्या स्मरणात असेल.

शासकीय रुग्णालयात रेबीजची लस फुकट मिळते हे खरे. परंतु फुकट लसीलाही किंमत असते. कातडीत टोचावयाच्या लसीच्या चार खेपा ठरलेल्या असतात : पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या. ज्याचे पोट रोजीवर आहे त्याने मेडिकलच्या किंवा मेयोच्या रांगेत चार वेळा उभे राहावयाचे म्हणजे चार दिवसांच्या मजुरीवर पाणी सोडावयाचे. यामुळेच शेवटची खेप अनेकदा चुकते, आणि एकदा लक्षणे दिसू लागल्यावर या रोगातून माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. अर्थशास्त्राच्या वर्गात ‘बाह्य परिणामा’ची कल्पना समजावून देताना आम्ही वर्षानुवर्षे कारखान्याच्या धुराचे उदाहरण देत आलो. कारखानदार नफा घेतो, काजळी शेजाऱ्याच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडते. आजच्या नागपुरात त्यासाठी धुराड्यापर्यंत जाण्याची गरज नाही.

स्वतःचे व आपल्या पाळीव जनावराचे रक्षण कसे करावे, याविषयी तज्ज्ञ जे सांगतात ते प्रत्येकाने जाणून घ्यावे, यात शंका नाही. कुत्रे अंगावर आले असता पळू नये, कारण पळणाऱ्याचा पाठलाग करणे हा त्याचा स्वभावधर्मच आहे. जागच्या जागी उभे राहावे, त्याच्या डोळ्यांत रोखून पाहू नये, हातातली पिशवी किंवा छत्री मध्ये धरावी आणि पाठ न फिरवता हळूहळू मागे सरावे. खाली पडल्यास अंग आखडून घेऊन तोंड व मान हातांनी झाकावी. दुचाकीस्वाराने वेग वाढविण्याऐवजी कमी करावा. आपले कुत्रे बरोबर असेल तर पट्टा आखूड धरावा. दोन कुत्री जुंपली असता त्यांच्या जबड्यांमध्ये हात घालण्याचे साहस तर कधीच करू नये, पाणी किंवा मोठा आवाज पुष्कळदा काम करून जातो. घरच्या पिलाला तीन महिन्यांचे होताच लस द्यावी आणि पुढे दरवर्षी द्यावी. आणि चावा बसलाच, नुसता ओरखडा का असेना, तर जखम साबणाने व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी; हळद, चुना, तिखट यांपैकी काहीही तीत भरू नये; कुत्रे मरते की जगते याची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. रक्त आले असेल तर लसीबरोबर जखमेत टोचावयाचे प्रतिद्रव्यही लागते, ते डॉक्टरांना आवर्जून विचारावे.

पण या उपदेशाचा अर्थ काय होतो तेही पाहिले पाहिजे. रस्ता सार्वजनिक, आणि त्यावरची सुरक्षितता मात्र ज्याची त्याने पाहावयाची! ज्याला परवडेल त्याने भिंत बांधावी, रखवालदार ठेवावा, मोटार घ्यावी. ज्याला परवडत नाही त्याने काठी बाळगावी. पादचाऱ्यांवर बसविलेला हा एक कर आहे, आणि तो कोणत्याही अंदाजपत्रकात दाखविला जात नाही.

आपल्याच विदर्भात याची एक विलक्षण विसंगती दिसते. जंगलालगतच्या गावात वाघाने किंवा बिबट्याने शेळी मारली तर वनखाते पंचनामा करून तिच्या मालकाला नुकसानभरपाई देते. ज्या वन्य प्राण्यांसाठी ही तरतूद आहे त्यांच्या यादीत रानकुत्र्याचे, म्हणजे कोळसुनाचेही नाव आहे. तीच शेळी शहराच्या कडेला, कचऱ्याच्या डेपोजवळच्या वस्तीत, गावकुत्र्यांच्या टोळीने फाडली तर त्या यादीचा मालकाला काडीचा उपयोग नाही. शेळी तीच, नुकसान तेवढेच. फरक इतकाच की एका जनावराची जबाबदारी एका खात्याच्या नावे लिहिलेली आहे आणि दुसऱ्याचे नाव कोणाच्याच खतावणीत चढलेले नाही. भरपाई द्यावी लागते म्हणून वनखाते शिरगणती करते, पहारे ठेवते, गावकऱ्यांना सावध करते. वनखात्याचे सगळेच कौतुकास्पद आहे असे नव्हे, पण हिशेब असला की हालचाल होते एवढे त्यातून दिसते.

कुत्र्यांच्या बाबतीत हा हिशेब मांडण्याचे प्रयत्न अन्यत्र झाले आहेत. केरळातील दावे तपासून भरपाई ठरविण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली न्यायमूर्ती सिरी जगन यांची समिती नेमली. पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये तर कोष्टकच घालून दिले : दाताच्या प्रत्येक खुणेस किमान दहा हजार रुपये, आणि मांस निघाले असेल तर जखमेच्या प्रत्येक ०.२ सेंटिमीटरला किमान वीस हजार. वेदनेला असे मापाने तोलणे कोणाला ओंगळ वाटेल. परंतु ज्या दिवशी महापालिकेच्या लेखापालाला अशा हजारो खुणांची बेरीज करावी लागेल, त्या दिवशी निर्बीजीकरणाचा खर्च त्याला प्रथमच स्वस्त वाटू लागेल.

निर्बीजीकरण आणि लसीकरण यांची जबाबदारी केंद्राच्या २००१ च्या आणि पुढे २०२३ च्या नियमांनी स्थानिक संस्थांवरच टाकलेली आहे. अडचण नियमांच्या अभावाची नाही, अर्धवट कामाची आहे. कुत्रीच्या गाभणकाळाची मुदत अवघी दोन महिन्यांची, आणि वर्षातून दोनदा ती विते. अशा स्थितीत एका मोहल्ल्यातली थोडी कुत्री धरून शस्त्रक्रिया करावयाची, मग निधी संपला म्हणून वर्षभर थांबावयाचे, हे भोक पडलेल्या रांजणात पाणी ओतण्यासारखे आहे. येथे निम्म्या खर्चात निम्मे फळ मिळत नाही. जवळजवळ काहीच मिळत नाही. उलट एका मर्यादेपलीकडे काम गेले की फळ दिसते. गोव्यात वर्षाला सुमारे पंच्याण्णव हजार कुत्र्यांना लस देऊन सत्तर टक्क्यांचा टप्पा गाठण्यात आला. तेथे २०१८ नंतरची काही वर्षे माणसांचे रेबीजने मृत्यू झाले नाहीत आणि २०२१ साली गोवा ‘रेबीज-नियंत्रित’ राज्य म्हणून घोषित झाले. अर्थात लस दिल्याने चावा थांबत नाही, त्याने येणारे मरण थांबते, हा भेद विसरू नये.

सगळी कुत्री मारून टाका म्हणणाऱ्यांनी १८३२ सालची मुंबई आठवावी. इंग्रज सरकारने मोकाट कुत्र्यांच्या कत्तलीसाठी दरडोई बक्षीस लावले, बक्षिसाच्या लोभाने पाळीव कुत्रीही मारली जाऊ लागली, आणि जूनमध्ये पारशी समाजाने रस्त्यावर उतरून शहर बंद पाडले. मुंबईतली कुत्री त्यानंतरही संपली नाहीत. जेथे मटणाच्या दुकानामागे छाटण आणि मंगल कार्यालयामागे उष्टे पडून राहते, तेथली जागा रिकामी झाली तरी शेजारच्या गल्लीतून ती भरून येते. कुत्र्यांची संख्या शेवटी उकिरड्याच्या मापाने ठरते, म्हणून कचऱ्याचा ठेका आणि कुत्र्यांचा ठेका ही वेगवेगळ्या टेबलांवरची प्रकरणे राहता कामा नयेत.

भूतदया दाखविणाऱ्यांविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. भुकेल्या जिवाला घास देण्यात गैर काहीच नाही, किंबहुना धरून नेण्यासाठी कुत्री माणसाळलेली असावी लागतात ती याच मंडळींमुळे. परंतु शेजाऱ्याच्या दारात पोळी टाकून आपण मोटारीने निघून जावयाचे, म्हणजे पुण्य आपल्या खात्यावर आणि धोका शेजाऱ्याच्या. २०२३ च्या नियमांनी खाऊ घालण्याच्या जागा मुलांच्या खेळण्याच्या ठिकाणांपासून व ये-जा करण्याच्या दारांपासून दूर ठरवावयास सांगितले आहे, आणि ऑगस्ट २०२५ च्या आदेशाने प्रत्येक प्रभागात त्या निश्चित करावयास. हौसेने आणलेले जातिवंत कुत्रे आजारी पडताच रिंगरोडवर सोडून देणाऱ्यांना मात्र कोणत्याही भूतदयेचा आधार घेता येणार नाही. आपल्या जनावरापासून इतरांना इजा होणार नाही अशी काळजी न घेणाऱ्यास भारतीय न्यायसंहितेच्या कलम २९१ खाली शिक्षा आहे. ते कलम वापरात आले पाहिजे.

महापालिकेकडे एक साधी मागणी करता येईल, तिला मोठा निधी लागत नाही. चावा घेऊन आलेल्या प्रत्येक रोग्याच्या केसपेपरवर, तो कोठे राहतो याबरोबरच, कुत्रा कोठे चावला हेही लिहावे. दर महिन्याला प्रभागवार आकडे काढून, त्यांच्याशेजारी त्या प्रभागात किती कुत्र्यांचे निर्बीजीकरण झाले आणि कितींना लस मिळाली हे छापावे, आणि तो तक्ता झोन कार्यालयाच्या दारावर लावावा. पुढील वर्षाच्या अंदाजपत्रकात श्वाननियंत्रणाच्या रकमेखालीच चाव्यांच्या भरपाईसाठी दुसरी एक ओळ असावी. पहिली रक्कम खर्ची न पडता परत गेली, तर दुसरी किती वाढली हे त्याच पानावर वाचता येईल.