झाकली मूठ सव्वा लाखाची



मागच्या खेपेला दोघा-तिघांनी विचारलं, "तू पडलास सॉफ्टवेअरवाला, तुला हे सीए लोकांचं खूळ कुठून लागलं?" प्रश्न रास्त आहे. इंजिनिअरिंगला असताना अकाउंट्सचा आणि माझा संबंध मेसच्या हिशेबापुरताच होता. पण इथे स्टुटगार्टला ईआरपीच्या फायनान्स मॉड्यूलवर काम करायला लागलो आणि पहिल्याच आठवड्यात कळलं, की इथल्या मोठ्या कंपन्या दोन-दोन वह्या ठेवतात. आपल्याकडे 'दोन वह्या' म्हटलं की एक नंबर आणि दोन नंबर! इथे मात्र दोन्ही वह्या एक नंबरच्याच. एक जर्मन व्यापारी कायद्याची, म्हणजे एचजीबीची, आणि दुसरी आयएफआरएसची, म्हणजे आंतरराष्ट्रीय वित्तीय अहवाल मानकांची. व्यवहार एकच, पण दोन खतावण्यांत नफा वेगवेगळा. हे कसं काय, ते समजून घ्यायला संध्याकाळी अभ्यास सुरू केला आणि त्यात रमलो.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण आपल्या स्टुटगार्टचंच आहे. ऑक्टोबर १९९३ मध्ये डायमलर-बेंझ न्यूयॉर्क शेअरबाजारात दाखल झाली. असं करणारी ती पहिली जर्मन कंपनी. अमेरिकेची अट अशी, की आमच्या नियमांनी हिशेब करून दाखवा. त्या वर्षाचा जर्मन नियमांनी नफा निघाला ६१ कोटी ५० लाख मार्क. त्याच वर्षाचा अमेरिकन नियमांनी निघाला तोटा, तब्बल १८३ कोटी ९० लाख मार्क! कारखाने तेच, गाड्या त्याच, कामगार तेच. लोक चक्रावले नसते तरच नवल.

यात लबाडी नव्हती, स्वभाव होता. डिसेंबर २००८ मध्ये मर्केलबाईंनी स्टुटगार्टच्या पक्ष अधिवेशनात 'श्वेबिश गृहिणी'चा दाखला दिला होता. ती आपल्या आजीची सख्खी बहीण शोभेल. चार पैसे आले की दोन डाळीच्या डब्यात, आणि घरात कुणाला पत्ता नाही. जुना जर्मन हिशेब याच वळणाचा. सावधगिरी हे पहिलं तत्त्व. चांगल्या वर्षी भरपूर तरतुदी करून ठेवायच्या, मालमत्ता कमी किमतीला दाखवायची आणि वाईट वर्षी त्या तरतुदी हळूच मोकळ्या करायच्या. त्यामुळे नफ्याची रेघ कशी सरळ राहते. बँकेला बरं वाटतं, कारण तिला फक्त कर्ज परत येण्याशी मतलब. झाकली मूठ सव्वा लाखाची.

अडचण येते ती भागधारकाची. त्याला आजीचा डबा दिसत नाही. १९९३ साली अमेरिकन हिशेबाने झालं ते एवढंच, की वाईट वर्षी डब्यातून काढलेले पैसे 'या वर्षीची कमाई' म्हणून मोजू दिले नाहीत. गंमत म्हणजे त्याच हिशेबात कंपनीचं स्वतःचं भांडवल जर्मन आकड्यापेक्षा जास्त निघालं, कारण डबाही उघडा पडला.

पुढचा इतिहास थोडक्यात. १९९८ मध्ये जर्मनीने शेअरबाजारातल्या समूहांना आंतरराष्ट्रीय नियमांनी अहवाल द्यायची मुभा दिली. २००२ मध्ये युरोपीय संघाने नियम केला, की २००५ पासून शेअरबाजारातल्या कंपन्यांनी समूहाचे एकत्रित हिशेब आयएफआरएसनेच द्यायचे. अमेरिकन नियम वापरणाऱ्यांना २००७ पर्यंत सवलत होती आणि डायमलर त्याच वर्षी आयएफआरएसवर आली. भारतात एप्रिल २०१६ पासून ५०० कोटी आणि त्याहून जास्त नक्त मालमत्तेच्या कंपन्यांना 'इंड-एएस' लागू झालं. ते आयएफआरएसचंच भारतीय रूप, काही फरक राखून. जर्मनीत मात्र लाभांश आणि कर यांच्यासाठी प्रत्येक कंपनीचा स्वतंत्र हिशेब अजून एचजीबीनेच होतो. म्हणून दोन वह्या, आणि म्हणून माझी नोकरी!

आता तुम्ही म्हणाल, आम्हाला काय त्याचं? आम्ही कोड लिहितो, गाड्यांचे ब्रेक तपासतो. सांगतो.

पहिली गोष्ट, तुमची टाइमशीट. आयएफआरएसमध्ये संशोधनाचा खर्च त्याच वर्षी नफ्यातून वजा होतो. पण ते काम 'विकासा'च्या टप्प्यावर गेलं आणि ठरलेल्या सहा कसोट्यांना उतरलं, की तोच पगार मालमत्ता म्हणून ताळेबंदात बसतो आणि पुढच्या अनेक वर्षांत थोडा थोडा खर्ची पडतो. म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी कंटाळून तुम्ही कुठल्या कोडवर आठ तास टाकता, त्यावर कंपनीचा नफा थोडा का होईना हलतो. प्रोजेक्ट मॅनेजर त्या टाइमशीटसाठी एवढा का मागे लागतो, ते आता लक्षात येईल.

दुसरी गोष्ट जास्त जिव्हाळ्याची. माझा एक मित्र इथल्याच एका सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत होता. बायको, दोन मुलं, ब्लू कार्ड. कंपनीने जाहीर केलं, 'समायोजित नफा वाढला.' त्याच महिन्यात त्याच्या हातात स्वखुशीने नोकरी सोडण्याचा करार ठेवला. तो मला म्हणाला, "अरे, नफा वाढलाय ना? मग मला पैसे देऊन घरी का पाठवतायत?"

आम्ही दोघं वार्षिक अहवाल घेऊन बसलो. पुढची गुळगुळीत पानं सोडली आणि मागच्या टिपा काढल्या. तिथे सापडलं: पुनर्रचनेसाठी तरतूद. आयएएस ३७ या मानकाप्रमाणे संचालकांनी बंद खोलीत नुसतं ठरवून ही तरतूद करता येत नाही. तपशीलवार योजना लागते, आणि ज्यांच्यावर परिणाम होणार त्यांना तसं कळवलेलं किंवा काम सुरू केलेलं असावं लागतं. थोडक्यात, तो आकडा म्हणजे माणसंच. आणि 'समायोजित' नफ्यातून हाच खर्च 'एकवेळचा' म्हणून बाजूला काढला होता. आम्ही जुने अहवाल उघडले. सलग चार वर्षं तो 'एकवेळचा' खर्च होता! दरवर्षी येतो त्याला आपण गणपती म्हणतो, एकवेळचा पाहुणा नाही.

अहवाल वाचून त्याची नोकरी वाचली असं नाही. पण हे एका वर्षाचं वादळ नाही, एवढं त्याला कळलं. घाईने सही न करता तो आधी कामगार प्रतिनिधींकडे आणि वकिलाकडे गेला. (अशा करारावर सही केली तर इथला बेकारी भत्ता १२ आठवड्यांपर्यंत रोखला जाऊ शकतो, हे अनेकांना माहीत नसतं.) दुसरीकडे अर्जही सुरू केले. आता तो उल्मला आहे.

या 'समायोजित' प्रकाराला वेसण घालायला एप्रिल २०२४ मध्ये आयएफआरएस १८ आलं. १ जानेवारी २०२७ किंवा त्यानंतर सुरू होणाऱ्या वर्षांसाठी ते आहे. कामकाजाचा नफा म्हणजे नक्की काय, याची व्याख्या आयएफआरएसमध्ये आजवर नव्हती, ती यात आहे. शिवाय व्यवस्थापन बाहेर स्वतःचा वेगळा नफा सांगत असेल, तर तो अधिकृत आकड्यापर्यंत कसा पोचतो ते एकाच टिपेत मांडावं लागेल आणि ती टीप लेखापरीक्षणाखाली येईल. समायोजन बंद होणार नाही. मूठ मात्र उघडून दाखवावी लागेल.

तोवर आपण काय करायचं? ज्या कंपनीत आहात, तिचा अहवाल जरूर उतरवून घ्या. शेअरबाजारातल्या कंपनीचा संकेतस्थळावर फुकट मिळतो. तीनच गोष्टी बघा. समायोजित आणि खरा नफा यांत फरक किती, आणि तो दरवर्षी त्याच कारणाने येतो का. तरतुदींच्या टिपेत पुनर्रचनेची रक्कम वाढतेय की कमी होतेय. आणि कामकाजातून आलेली रोकड नफ्याच्या मागोमाग येतेय का. अर्ध्या तासाचं काम आहे, एक चहा आणि दोन पार्ले-जी. भाड्याचं घर बघताना आपण नळ सोडून बघतो, खिडक्या ढकलून बघतो. ज्या कंपनीच्या भरवशावर ते घर भाड्याने घेतो, तिचे नळही एकदा सोडून बघायला काय हरकत आहे?

असो. पुढच्या खेपेला लीजवरच्या गाड्या ताळेबंदात कशा आल्या, त्याची गोष्ट.

लोभ आहेच, तो वाढावा.