संगणकाच्या खरेदीतही मालाची पारख हवी

पिंपळगाव बसवंतच्या बाजार समितीत कांद्याचा लिलाव सुरू झाला की व्यापारी कांदा हातात घेतो, त्याचा रंग, आकार आणि पत्ती पाहतो व मगच बोली लावतो. टोमॅटोच्या हंगामात क्रेट पाहिल्यावाचून भाव निघत नाही. पिढ्यान्‌पिढ्या अंगी मुरलेली ही सावधगिरी संगणक किंवा बिलिंगचे सॉफ्टवेअर घेताना मात्र गळून पडते. ओळखीच्या माणसाने नाव सुचविले, त्याने रक्कम सांगितली आणि व्यवहार झाला, असेच बहुतेक पेढ्यांत घडते.

त्यातील धोका पुढे कळतो. समजा, खते-औषधांच्या एका पेढीने असे सॉफ्टवेअर बसविले. परवाना विक्रेत्याच्या ई-मेलवर नोंदला गेला आणि मुख्य पासवर्डही त्याच्याचकडे राहिला. दोन वर्षांनी त्याच्याशी मतभेद झाले, त्याने फोन घेणे बंद केले आणि ऐन द्राक्ष हंगामात शेतकऱ्यांच्या उधारीची खाती उघडेनाशी झाली. वडिलांच्या काळी खतावणी पेढीच्या तिजोरीत असे. आता तीच खतावणी परक्याच्या कुलपात गेली आणि हे मालकाला ठाऊकही नव्हते.

हे टाळण्यासाठी नवे शास्त्र शिकावे लागत नाही. प्रथम गरज कागदावर लिहावी: रोज किती बिले होतात, किती जणांनी एकाच वेळी काम करावयाचे आहे, साठा दुकान व गोदाम दोन्हीकडचा दिसावा काय. हाच कागद तीन विक्रेत्यांना देऊन दरपत्रके मागवावीत. म्हणजे तुलना एकाच मापाने होते. तुलना पहिल्या किमतीची न करता पाच वर्षांच्या एकूण खर्चाची करावी. वार्षिक वर्गणी, देखभाल करार, जुनी खाती नव्यात आणण्याचा खर्च आणि नोकरांचे प्रशिक्षण त्यात धरले की स्वस्त वाटलेला प्रस्ताव कित्येकदा महाग ठरतो.

जुना संगणक स्वस्तात मिळत असेल तर त्यावर विंडोज 11 चालते काय, हे आधी पाहावे. विंडोज 10 चे नियमित पाठबळ 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपले आहे. परवान्याविना बसविलेले सॉफ्टवेअर तर फुकटही घेऊ नये. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार संगणक प्रणालीची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्यास किमान 7 दिवस ते 3 वर्षे कारावास आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड होऊ शकतो.

बिल पेढीच्या नावाने व जीएसटी क्रमांकासह घ्यावे आणि ते जीएसटीआर-2बी मध्ये उतरल्याची खात्री करावी. त्यावाचून भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. व्यवसाय प्रायव्हेट लिमिटेड असेल, तर 1 एप्रिल 2023 पासून प्रत्येक फेरबदलाची नोंद राखणारे आणि ती नोंद बंद करता न येणारे हिशेबाचे सॉफ्टवेअर बंधनकारक आहे.

करारात तीन गोष्टी स्पष्ट असाव्यात. परवाना व मुख्य पासवर्ड मालकाच्या हाती राहील. वर्गणी थांबविली तरी जुनी खाती वाचता येतील व एक्सेलमध्ये काढून घेता येतील. बिघाड झाल्यास किती तासांत माणूस येईल, हेही लिहिलेले असावे. यांतील दुसरी अट विशेष महत्त्वाची. कारण जीएसटीच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून 72 महिने जपणे आवश्यक आहे.

सारी रक्कम आगाऊ देऊ नये. काही हिस्सा, जुनी खाती बिनचूक आली आणि महिनाभर काम सुरळीत चालले, की द्यावा, असे आधीच लेखी ठरवावे. मात्र पुरवठादार उद्यम नोंदणी असलेला सूक्ष्म वा लघु सेवा-उद्योग असेल, तर लेखी करार असतानाही काम स्वीकारल्यापासून 45 दिवसांच्या आत आणि करार नसल्यास 15 दिवसांच्या आत पैसे देणे कायद्याने भाग आहे. त्यामुळे दोष आढळल्यास तक्रार 15 दिवसांच्या आत लेखीच करावी. तोंडी तक्रार तेथे उपयोगी पडत नाही.

राहिला प्रश्न जपणुकीचा. दररोज दुकान बंद करताना खात्यांची एक प्रत वेगळ्या डिस्कवर घ्यावी, डिस्क संगणकाला जोडून ठेवू नये आणि महिन्यातून एकदा ती प्रत खरोखर उघडते काय, हे पाहावे.

यंदाच्या दिवाळीत वहीपूजनापूर्वी घरातील कर्त्या माणसाने मुलाला वा सुनेला जवळ बसवून एवढे विचारावे: आपल्या हिशेबाचा परवाना कोणाच्या नावावर आहे, त्याची मुदत कधी संपते आणि पासवर्ड कोणाकडे आहे? उत्तर लगेच मिळाले नाही, तर विक्रेत्याला त्याच आठवड्यात पेढीवर बोलावून घ्यावे.