मूल्यशिक्षणाचं भाषण आईनं लिहिलं तर…



शाळेत मुलांना नीतिमूल्यं शिकवावीत का, या प्रश्नावर कुणाचं दुमत नसतं. दुमत असतं ते कशी शिकवावीत यावर. माझं मत मी घरच्या एका प्रसंगावरून बनवलं आहे, आणि त्या प्रसंगात चूक माझीच आहे.

मुलगी चौथीत होती. ऑगस्टमध्ये शाळेत वक्तृत्व स्पर्धा होती आणि विषय होता ‘प्रामाणिकपणा’. तिनं वहीत चार-पाच ओळी लिहिल्या. सापडलेली पेन्सिल मैत्रिणीला परत दिली, पण द्यावीशी वाटत नव्हती, असं काहीसं. मला ते फारच साधं वाटलं. रात्री स्वयंपाकघर आवरून मी बसले आणि दोन पानांचं झकास भाषण लिहून काढलं. तिनं आठ दिवसांत पाठ केलं. पहिला नंबर आला. मी प्रमाणपत्राचा फोटो सगळ्या नातेवाइकांना पाठवला.

पुढे भाद्रपदात दशलक्षण पर्व आलं. आमच्या मंदिरात या दहा दिवसांत रोज तत्त्वार्थसूत्राच्या एकेका अध्यायाचं वाचन होतं. सातव्या दिवशी सातवा अध्याय, म्हणजे व्रतांचा. पंडितजी सत्याणुव्रताचे पाच अतिचार समजावून सांगत होते. त्यातला एक आहे कूटलेखक्रिया. जे दुसऱ्यानं म्हटलेलं नाही, ते त्याचं म्हणून लिहिणं, खोटा लेख तयार करणं. मुलगी शेजारी बसली होती. हळूच म्हणाली, “आई, माझं भाषण तू लिहिलंस, ते यातच येतं का गं?”

मी “गप्प बस, नंतर बोलू” म्हणाले. खरं तर मला उत्तर माहीत होतं.

घरी आल्यावर तिनं दुसरा प्रश्न विचारला, “मग बाईंना सांगायचं का?” इथं मी पुरती अडकले. लोक काय म्हणतील, बाई काय म्हणतील, पोरीचं नाव कशाला खराब करायचं, सगळं मनात आलं. अणुव्रतं मला लहानपणापासून पाठ आहेत. पाचही नावं झोपेतसुद्धा सांगीन. पण ‘माझं चुकलं’ एवढं म्हणायला मला दोन दिवस लागले.

शेवटी आम्ही दोघी शाळेत गेलो. बाई हसल्या, “अहो, सगळेच पालक लिहून देतात. एवढं मनावर घेऊ नका.” प्रमाणपत्र त्यांनी परत घेतलं नाही. बाईंचा राग मुळीच नाही, त्यांच्यापुढे पन्नास मुलं असतात. पण ते वाक्य ऐकून माझ्या लक्षात आलं की प्रामाणिकपणाच्या स्पर्धेत मुलांचं पाठांतर आणि आयांचं लेखन तपासलं जात होतं, आणि हे शाळेला, पालकांना, मुलांना सगळ्यांनाच ठाऊक होतं. मग मुलं त्यातून काय शिकली? चांगलं वागण्यापेक्षा चांगलं बोललं की बक्षीस मिळतं, हे शिकली.

महाराष्ट्रातल्या शाळांत मूल्यशिक्षण नवं नाही. परिपाठ आहे, दहा मूल्यांची यादी आहे. नीटनेटकेपणा, वक्तशीरपणा, श्रमप्रतिष्ठा, सौजन्यशीलता, संवेदनशीलता, स्त्री-पुरुष समानता वगैरे. यादीत खोट काढण्यासारखं काही नाही. पण श्रमप्रतिष्ठेवर निबंध लिहिणाऱ्या मुलाच्या हातात आपण कधी केरसुणी देतो का? दिली तर आपणच तक्रार घेऊन शाळेत जातो.

कर्मवीर भाऊराव पाटलांचं उदाहरण मला इथं फार मोलाचं वाटतं. कुंभोजच्या जैन घरातला हा माणूस. 1919 मध्ये त्यांनी काले इथं रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि 1924 मध्ये साताऱ्याला वसतिगृह काढलं. तिथं सगळ्या जातींची मुलं एकत्र राहत, एकत्र जेवत, स्वतः कामं करत. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या. पण त्यांनी या मुलांना आपलं मानलं आणि त्यांच्या जेवणासाठी दागिने, शेवटी मंगळसूत्रही दिलं. समता आणि त्याग यांचा वेगळा तास तिथं कशाला लागेल? ताटात वाढलेल्या भाकरीतच ती शिकवण होती.

काही मैत्रिणी म्हणतात, शाळेत णमोकार मंत्र शिकवला की झालं. मला ते पटत नाही. सरकारी पैशावर पूर्णपणे चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, असं आपल्या संविधानाचं 28 वं कलमच सांगतं, आणि ते योग्य आहे. वर्गात सगळ्या घरांतली मुलं बसतात. मंत्रासाठी आपली पाठशाळा आहे, मंदिर आहे, घर आहे. शाळेनं सर्वांना लागू पडेल असं शिकवावं. खरं बोलावं, दुसऱ्याची वस्तू घेऊ नये, मुक्या जिवाला दुखवू नये, गरजेपेक्षा जास्त साठवू नये. याला कुठल्या धर्माची हरकत असेल?

शाळांकडे माझं मागणं थोडंच आहे. मूल्यांना गुण आणि बक्षिसं देऊ नका. वर्ग झाडणं, रोपांना पाणी घालणं, आजारी मित्राचा अभ्यास त्याच्या घरी पोचवणं अशी कामं पाळीनं द्या. आणि चूक कबूल करणाऱ्या मुलाला सगळ्यांसमोर ओरडू नका. आपल्याकडे प्रतिक्रमण आहे ते याचसाठी. झालेली चूक पाहायची, मान्य करायची, मागं फिरायचं. चूक सांगितली की मार बसतो, हे एकदा कळलं की मूल लपवायला शिकतं.

पालकांकडे मागणं एकच. मुलाची वही मुलालाच लिहू द्या.

त्या वर्षी क्षमावाणीला सगळ्यांना ‘उत्तम क्षमा’ म्हणून झाल्यावर मी मुलीपुढे हात जोडले. ती आधी लाजली, मग म्हणाली, “आई, पुढच्या वर्षी मी पेन्सिलीचंच सांगणार हं.” तिनं सांगितलं. नंबर आला नाही. पण घरी येऊन तिनं जे सांगितलं, ते सगळं तिचं स्वतःचं होतं.