भिंतीचा अंगरखा

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने यंदा माझ्याकडे लेख मागताना एक अट घातली : औषधे आणि लसीकरण सोडून काहीही लिहावे. ती अट मान्य करून मी घराच्या भिंतीविषयी लिहावयास बसलो आहे. परंतु भिंतीवरून विषय पुन्हा मुलांच्या फुप्फुसांपर्यंत पोहोचलाच, तर तो व्यवसायदोष समजून वाचकांनी क्षमा करावी.

बेळगावात घर बांधणाऱ्यास पश्चिमेची भिंत ही जन्माची चिंता असते. आपला पाऊस वरून पडतो त्यापेक्षा आडवा अधिक येतो. आपल्या पूर्वजांना हे पक्के ठाऊक होते. कौलारू छपराची पागोळी भिंतीपासून दूर पडावी म्हणून त्यांनी छप्पर खाली उतरवले, पश्चिमेस पडवी काढली, खिडक्या लहान ठेवल्या आणि पावसाळ्याच्या तोंडावर गवताच्या ताट्या बांधून भिंतीस अंगरखा चढवला. आपण मात्र सपाट स्लॅब घातले, पडव्या काढून टाकल्या आणि उघड्या भिंतीवर रंगाचे दोन हात देऊन निश्चिंत झालो. परिणामी श्रावणात भिंतीवर काळी बुरशी आणि दवाखान्यात धाप लागलेली मुले, असा जोडीने हंगाम येतो. वारंवार दम लागणाऱ्या मुलाच्या पालकांना मी हल्ली एक प्रश्न आवर्जून विचारतो : बाळाची खाट कोणत्या भिंतीला लागून आहे? घरातील ओल आणि बुरशी यांचा श्वसनविकारांशी असलेला संबंध जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली आपल्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्टपणे मांडला आहे. तेव्हा भिंतीस पुन्हा अंगरखा चढवावा हे तर उघड आहे. प्रश्न आहे तो कापड निवडण्याचा.

आमच्या घराच्या पश्चिमेच्या भिंतीसाठी हा प्रश्न नुकताच उभा राहिला. लोखंडी पत्रा गंजतो आणि पावसात नगाऱ्यासारखा वाजतो. लाकूड सुंदर, पण वाळवी आणि पावसाळा या दोघांनाही ते आवडते. प्लॅस्टिकचे तक्ते उन्हाने वाकतात. उरला तो फायबर सिमेंटचा तक्ता. सिमेंट, बारीक वाळू किंवा राख आणि लाकडाच्या लगद्यातील तंतू यांच्या मिश्रणातून हा तयार होतो. उत्तम प्रतीचा तक्ता दाबाखालील वाफेत पक्का केलेला असतो. तो जळत नाही, त्याला वाळवी लागत नाही आणि रंग नीट धरतो. माझे मत विचाराल, तर आपल्या हवामानात बाहेरच्या भिंतीसाठी हाच पर्याय योग्य आहे. परंतु ते मत बिनशर्त नाही, आणि त्या शर्तींसाठीच हा लेखनप्रपंच.

पहिली शर्त नावाविषयी आहे. ऑस्ट्रियातील लुडविग हाचेक यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी सिमेंटचे पातळ तक्ते करण्याची कृती शोधली, तेव्हा त्यातील तंतू ॲस्बेस्टॉसचे होते. पुढे जगभर हेच पत्रे पसरले आणि आपल्याकडे ते 'सिमेंटचे पत्रे' या निरागस नावाने घरोघरी, शाळोशाळी पोहोचले. ॲस्बेस्टॉसचे सर्व प्रकार कर्करोगकारक आहेत, याविषयी आज शास्त्रीय जगात शंका उरलेली नाही. ऑस्ट्रेलियाने २००३ च्या अखेरीपासून, तर युरोपीय संघाने २००५ पासून त्याच्या वापरावर बंदी घातली. आपल्या देशात मात्र पांढरा ॲस्बेस्टॉस आयात होतो, त्याचे पत्रे बनतात आणि उघडपणे विकले जातात. यातील खरी मेख अशी की, 'फायबर सिमेंट' हे नाव दोन्ही प्रकारच्या मालास लावले जाते. फायबर कोणते, हे नाव सांगत नाही. मी दुकानात हा प्रश्न विचारला तेव्हा, "डॉक्टरसाहेब, सिमेंटचाच आहे की, आणखी काय असणार?" असे उत्तर मिळाले. तो गृहस्थ खोटे बोलत नव्हता. त्यालाच ठाऊक नव्हते.

ओळखण्याचा मार्ग आहे, आणि तो आपल्या व्यवसायास परिचित आहे : वेष्टन वाचणे. सपाट तक्त्यावर भारतीय मानक १४८६२ असेल, तर तो ॲस्बेस्टॉसविरहित तंतूंचा. २०९६ असेल, तर ॲस्बेस्टॉसचा. नागमोडी पत्र्यावर ४५९ हा क्रमांक ॲस्बेस्टॉसचा समजावा. १४८६२ मध्येही बाहेरच्या वापरासाठीचा 'अ' प्रकारच घ्यावा, आणि 'ॲस्बेस्टॉसविरहित' हे शब्द बिलावर लिहून घ्यावेत. आपण रुग्णास औषध देताना त्यातील घटक वाचतो. जी भिंत आपल्या नातवंडांच्या उशाशी पन्नास वर्षे राहणार, तिचे घटक वाचण्यात कमीपणा कसला?

येथे एक कबुली देणे भाग आहे. १९९९ साली मी घर बांधले, तेव्हा गच्चीवरील खोलीसाठी सिमेंटचे पत्रे आणले. कारागिराने ते आमच्या अंगणातच कापले, भोके पाडली. पांढरी धूळ उडत होती आणि माझा तीन वर्षांचा मुलगा त्या धुळीत बोटाने चित्रे काढीत होता. बालरोगशास्त्रातील एम.डी. पदवी भिंतीवर टांगून मी ते कौतुकाने पाहात उभा होतो. एखाद्या दिवसाच्या संपर्काने धोका फार वाढतो असे नाही, हे मला आज कळते. तरीही ते दृश्य विसरता येत नाही. कारण या धुळीने होणारा फुप्फुसावरणाचा कर्करोग वीस ते पन्नास वर्षे दबा धरून बसतो, आणि ज्याच्यापुढे आयुष्य अधिक, त्याला धोकाही अधिक. पाचव्या वर्षी प्रथम संपर्क आलेल्या मुलाचा आयुष्यभराचा धोका पंचविसाव्या वर्षी संपर्क आलेल्या प्रौढाच्या सुमारे साडेतीन पट असतो, असा अंदाज ब्रिटनमधील तज्ज्ञ समितीने २०१३ मध्ये वर्तविला. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली ॲस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी चाळीस वर्षे जपण्याचा आदेश दिला, त्यामागेही हेच कारण. माझ्या अंगणातील त्या दिवसाची नोंद मात्र कोणत्याही वहीत नाही.

दुसरी शर्त कापण्याविषयी. ॲस्बेस्टॉस नसला, म्हणजे धूळ निरुपद्रवी ठरत नाही. या तक्त्यांत सिलिका असते, आणि ग्राइंडरने कोरडे कापताना ती सूक्ष्म कणांच्या रूपाने उडते. तिच्यापासून सिलिकोसिस होतो, आणि सिलिकोसिस झालेल्यास क्षयरोग गाठतो. ही फुप्फुसे आपल्या मुलांची नसतात. ती मजुरी करणाऱ्या पोरसवदा कारागिराची असतात, आणि त्याचीही मुले आपल्याच दवाखान्यात येतात. तेव्हा तक्ते मापाने मागवावेत, लागेल तेवढेच पाणी मारून किंवा रेघ ओढून मोडावेत, कारागिरास चांगला मास्क स्वखर्चाने द्यावा, आणि काम चालू असता मुलांना दूर ठेवावे.

तिसरी शर्त निदानाची. ओल्या भिंतीवर तक्ता ठोकणे म्हणजे ताप का आला हे न पाहता तापाची गोळी देणे. गळकी पन्हळ, फुटलेली नळी, तडा गेलेला गिलावा यांवर आधी उपचार करावा, भिंत उन्हाळ्यात वाळू द्यावी आणि मगच तक्ते लावावेत. तेही भिंतीस चिकटवून नव्हे, तर मध्ये बोटभर पोकळी ठेवून, म्हणजे आत शिरलेले पाणी खाली निथळते आणि वारा खेळतो. कापलेल्या कडांना रंग द्यावा, खिडक्यांच्या माथ्यावर पाणी वळवणारी पट्टी बसवावी आणि तक्त्याची खालची कड जमिनीपासून वीतभर उंच ठेवावी.

आपल्या बंधुभगिनींच्या रुग्णालयांविषयीही एक शब्द. दर्शनी भागास चकचकीत ॲल्युमिनियमचे तक्ते लावण्याची सध्या चाल आहे. त्यांतील स्वस्त प्रकारांचा गाभा प्लॅस्टिकचा असतो. लंडनमधील ग्रेनफेल टॉवर १४ जून २०१७ रोजी अशाच आवरणामुळे पेटला आणि ७२ जीव गेले. ज्या इमारतीत अतिदक्षता विभाग आहे, तिला जळणारा अंगरखा घालू नये, एवढेच म्हणतो.

हे सर्व खर्चाचे आहे, असा आक्षेप येईल, आणि तो खरा आहे. ॲस्बेस्टॉसचा पत्रा हे गरिबाचे छप्पर आहे. ते उद्याच फेकून द्या, असे सांगण्याचा अधिकार मला नाही. अखंड, न हलवलेला पत्रा फारशी धूळ सोडत नाही. तो फोडू नये, घासू नये, त्यास भोके पाडू नयेत, एवढे तरी आपण सांगू शकतो. परंतु ज्यांना निवड करणे परवडते, अशा आपण तरी डोळे उघडे ठेवून निवड करावी. मोठ्या गिऱ्हाइकाने विचारले, म्हणजे दुकानदार विचारतो, आणि दुकानदाराने विचारले, म्हणजे कारखानदारास उत्तर द्यावे लागते.

गच्चीवरचे ते जुने पत्रे अजून आहेत. त्यांना आम्ही रंग दिला आहे आणि कोणी त्यांना खिळा मारावयाचा नाही, असा घरात दंडक आहे. पश्चिमेच्या भिंतीस मात्र नवा अंगरखा चढला. कापाकापी आमच्या अंगणात झाली नाही. माझी नात त्या दिवशी आजोळी होती.