दोनशे दिवसांचा फसवा दिलासा

सर्टिफिकेट देणाऱ्या संस्था आणि ब्राउझर तयार करणाऱ्या कंपन्या यांच्या सीए/ब्राउझर फोरमने एप्रिल 2025 मध्ये ॲपलचा प्रस्ताव मंजूर केला. संकेतस्थळाच्या टीएलएस सर्टिफिकेटची कमाल मुदत 398 दिवसांवरून 15 मार्च 2026 पासून 200, 15 मार्च 2027 पासून 100 आणि 15 मार्च 2029 पासून 47 दिवसांवर आणायचे ठरले. या आकड्यांची चर्चा आपल्या क्षेत्रात पुष्कळ झाली. त्याच ठरावातल्या दुसऱ्या तरतुदीकडे मात्र फारसे कोणी पाहिलेले दिसत नाही. डोमेन आपल्याच ताब्यात असल्याची एकदा केलेली पडताळणी पुन्हा किती दिवस वापरता येईल, ती मुदतही याच टप्प्यांनी घटत जाते आणि 2029 मध्ये ती अवघी 10 दिवस उरते. त्यानंतर जवळपास प्रत्येक नूतनीकरणाला पडताळणी पुन्हा करावी लागेल, बहुतेक वेळा डीएनएसमध्ये नवी नोंद करून किंवा सर्व्हरवर नवी फाइल ठेवून.

आमच्या मते या वाटचालीतला सर्वांत धोक्याचा टप्पा 47 दिवसांचा नाही, 200 दिवसांचा आहे. 47 दिवसांत हाताने काम होणार नाही हे कोणालाही पटते. वर्षातून दोनदा मात्र हाताने निभावता येते. सीएसआर काढायचा, ईमेलने आलेली झिप उघडायची, फाइल योग्य जागी ठेवायची, सर्व्हर पुन्हा सुरू करायचा. असे निभावत गेले की जुनी सवय पक्की होते आणि पुढचा टप्पा दारात येतो.

आपल्याकडच्या बँकांचेच उदाहरण घ्या. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार बँकांना 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत ‘बँक.इन’ या डोमेनवर जायचे होते. महाराष्ट्रातल्या नागरी सहकारी बँकांसाठी हे काम करणारे आपले अनेक वाचक आहेत. त्या ऑक्टोबरच्या सुरुवातीला पूर्ण मुदतीचे सर्टिफिकेट घेतले असेल, तर ते नोव्हेंबर 2026 मध्ये संपते. त्यानंतरचे जास्तीत जास्त 200 दिवसांचे, म्हणजे मे 2027 च्या अखेरीपर्यंतचे. त्यापुढचे फक्त 100 दिवसांचे. वर्षाचे पैसे एकदम भरले, तरी सर्टिफिकेट त्या वर्षात पुन्हा पुन्हा घेऊन बसवावेच लागेल. वार्षिक देखभालीचे करार करताना ही गोष्ट ग्राहकाला आजच सांगायला हवी.

मुदत कमी करण्याला आमचा पाठिंबा आहे. सर्टिफिकेट रद्द करण्याची यंत्रणा कधीच भरवशाची नव्हती. ओसीएसपीचे उत्तर आले नाही तर ब्राउझर साधारणपणे सर्टिफिकेट चालवून घेत, त्यामुळे चोरीला गेलेली खासगी किल्ली मुदत संपेपर्यंत उपयोगी पडू शके. जुलै 2024 मध्ये डोमेन-पडताळणीतल्या एका चुकीमुळे डिजिसर्टला नियमानुसार सुमारे 83 हजार सर्टिफिकेट 24 तासांत रद्द करायची वेळ आली आणि काही ग्राहकांना इतक्या घाईत बदल करणे जमले नाही. ज्याचे नूतनीकरण यंत्राकडे आहे, त्याला असा दिवसही निभावणे सोपे जाते.

साधने हाताशी आहेत. सर्टिफिकेट आपोआप घेण्याचा ॲक्मी हा प्रोटोकॉल 2019 मध्ये प्रमाणित झाला. लेट्स एन्क्रिप्ट 2015 पासून 90 दिवसांची सर्टिफिकेट मोफत देते आणि पैसे घेणाऱ्या अनेक संस्थांकडेही आता ॲक्मीची सोय आहे. डीएनएस देणाऱ्या कंपनीकडे एपीआय नाही, ही तक्रार वारंवार ऐकू येते. तिथे पडताळणीची नोंद सीनेमने दुसऱ्या, एपीआय असलेल्या झोनकडे वळवता येते, आणि हा मार्ग अधिक सुरक्षितही आहे, कारण मूळ झोनची चावी सर्व्हरवर ठेवावी लागत नाही.

पण स्क्रिप्ट बसवली म्हणजे काम संपले, असे समजणे महागात पडेल. नवे सर्टिफिकेट डिस्कवर आलेले असते आणि एन्जिनएक्स रीलोड न झाल्याने जुनेच बाहेर जात राहते. फायरवॉलच्या नव्या नियमात पोर्ट 80 बंद होतो आणि पडताळणी गुपचूप फसू लागते. लोड बॅलन्सरमागच्या चार सर्व्हरांपैकी एक राहून जातो. इंटरमीजिएट सर्टिफिकेट जोडलेले नसते, त्यामुळे साइट ब्राउझरमध्ये उघडते पण मोबाइल ॲप जोडले जात नाही. दर साठ दिवसांनी चालणारी क्रॉनची ओळ 90 दिवसांच्या सर्टिफिकेटला पुरत होती, 47 दिवसांच्या सर्टिफिकेटला ती पुरणार नाही. मुदतीचा एक तृतीयांश भाग शिल्लक असताना नूतनीकरण व्हावे, आणि शक्य तिथे नूतनीकरणाची वेळ सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेच्या सर्व्हरलाच विचारून ठरवावी. त्यासाठी ॲक्मीमध्ये एआरआय ही सोय आली आहे.

म्हणून देखरेख बाहेरून हवी. फाइलची तारीख पाहू नका. पोर्ट 443 वर प्रत्यक्ष काय मिळते ते प्रत्येक आयपीवर तपासा. लेट्स एन्क्रिप्टने मुदत संपत आल्याचे ईमेल पाठवणे जून 2025 मध्ये बंद केले. आता इशारा देणारी व्यवस्था आपली आपणच उभारायची आहे.

त्याहून अवघड काम यादीचे. एक्विफॅक्स या अमेरिकी पतमाहिती कंपनीत 2017 साली चोर 76 दिवस आत वावरत होते, कारण जाण्या-येण्याची वाहतूक तपासणाऱ्या उपकरणातले सर्टिफिकेट कित्येक महिने आधीच संपलेले होते आणि ती तपासणी बंद पडली होती. 29 जुलैला ते बदलल्यावर संशयास्पद वाहतूक लगेच दिसली. तोवर 14 कोटींहून अधिक लोकांची माहिती गेली होती. डिसेंबर 2018 मध्ये एरिक्सनच्या सॉफ्टवेअरमधले सर्टिफिकेट संपले आणि ब्रिटनमध्ये ओटूच्या कोट्यवधी ग्राहकांचा मोबाइल डेटा बंद झाला. ही दोन्ही सर्टिफिकेट संकेतस्थळाची नव्हती. आपल्या संस्थांमध्येही मेल सर्व्हर, व्हीपीएन, टॉमकॅटचा कीस्टोअर, नोकरी सोडून गेलेल्या माणसाने बसवलेला एखादा अंतर्गत एपीआय अशा ठिकाणी सर्टिफिकेट पडून आहेत. सार्वजनिक सर्टिफिकेटचा शोध ट्रान्सपरन्सी लॉगमध्ये लागतो. अंतर्गत सर्टिफिकेटसाठी नेटवर्क स्कॅन करण्यावाचून इलाज नाही.

वाचकांना विनंती आहे की या महिन्यात दोन गोष्टी करा. प्रत्येक सर्टिफिकेटपुढे जबाबदार व्यक्तीचे नाव असलेली यादी तयार करा, आणि कमी महत्त्वाची एक साइट ॲक्मीवर नेऊन तिचे नूतनीकरण कोणीही हात न लावता दोनदा होते का ते पाहा. जिथे अडेल ते आम्हाला लिहून कळवा. पुढच्या अंकात त्या अडचणींना जागा देऊ.